मासा घरी पोहोचेपर्यंत

आमच्या शाळेत यंदा जूनमध्ये एक तरुण सर रुजू झाले. सोलापूरकडचे. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत. चिपळूणला आल्यावर महिन्याभरात त्यांनी गळ विकत घेतला, पावसाळा सरताना खाडीवर जाऊ लागले आणि एका सोमवारी स्टाफरूममध्ये तोंड पाडून बसले. विचारले तर म्हणाले, "सर, काल चांगली दीड किलोची तांबोशी लागली होती. घरी नेईपर्यंत अशी मऊ पडली की बोट लावले तर खड्डा तसाच राहत होता. अम्मीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, टाकून दे."

"नेलीत कशातून?"

"पिशवीतून. गाडीच्या हुकाला लावून."

मासा लागला सकाळी आठला. सर खाडीवरून उठले बाराला, कारण आणखी एक लागेल अशी आशा होती. वाटेत एका मित्राकडे चहा झाला. घरी पोहोचले दीडला. म्हणजे साडेपाच तास मासा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात लटकत होता.

आम्ही म्हटले, "टाकलीत ते उत्तम केलेत." मग त्यांना आमची गोष्ट सांगितली. ती आम्ही फारशी कोणाला सांगत नाही. पण घरातल्या चुकाही या सदरात लिहायच्या असे आम्ही सुरुवातीलाच कबूल केले होते, तेव्हा आज ती वाचकांनाही सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. आमचे मामू गुहागरकडे राहतात, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. फज्रनंतर किनाऱ्यावर गेलो तर रापण लागलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरची माणसे ओढतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो. आमचाही हात लागला. तळहाताला फोड आले, पण जाळ्यात बांगड्यांची थप्पी उतरली आणि आमच्या वाट्याला चारेक किलो बांगडा आला. निळी-हिरवी पाठ, पोटाला चांदी. बाजारात असा बांगडा पैसे मोजूनही रोज मिळत नाही.

तो आम्ही पिशवीत भरला आणि स्कूटरच्या डिकीत ठेवला. आत सावली आहे, बंद आहे, मांजर येणार नाही. त्या वेळी ही व्यवस्था आम्हाला फार हुशारीची वाटली होती. मग मामूंकडे नाश्ता झाला, गप्पा झाल्या, जुहरची नमाज झाली, मामींनी जेवल्याशिवाय सोडले नाही. दोनला निघालो. चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर. घरी पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. डिकीच्या खाली स्कूटरचे इंजिन असते आणि ते सगळी ऊब वर देते, हे आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. सकाळपासून उन्हात तापलेली सीट वरून आणि इंजिन खालून, अशा भट्टीत आम्ही चार किलो बांगडा आणला होता.

वास येत नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे सगळे यावरच अडले. कल्ले थोडे फिकट होते, एवढेच. मुलांच्या अम्मीने मासे साफ केले, धुतले, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवले. चार किलो एका घराला कसा संपणार? असरनंतर मुलाच्या हातून चार घरी वाटे गेले. रात्री आमच्याकडे रव्यात घोळून कुरकुरीत तळलेला बांगडा झाला. मुलांची अम्मी पहिला घास घेऊन म्हणाली, "जिभेला काहीतरी चुरचुरतेय." आम्ही म्हटले, मसाला तिखट झाला असेल.

अर्ध्या तासात आमच्या बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा, कान, मान लाललाल झाली, जणू दिवसभर उन्हात उभा होता. डोके दुखते म्हणाला. ओठ जळजळतात म्हणाला. तोवर शेजारच्या खालांच्या सुनेने दार वाजवले. खालांचे वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना उलटी झाली होती, छातीत धडधडत होते आणि अंगभर लाल चट्टे उठले होते. दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

डॉक्टर कोकणातलेच. मुलाची जीभ, छाती पाहत त्यांनी विचारले, "काय खाल्ले?" बांगडा. "कुठून आणला?" स्वतः रापण ओढून. हे सांगताना आमचा स्वर थोडा ताठ झाला असावा. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, "पाण्यातून निघाल्यापासून बर्फात पडेपर्यंत किती वेळ गेला?"

आम्ही गप्प. कारण तो बर्फात पडलाच नव्हता.

त्यांनी इंजेक्शन दिले, खालांना रात्रभर ठेवून घेतले. अल्लाहचा शुक्र, सकाळपर्यंत दोघेही ठीक झाले. पण त्याआधी, रात्री सव्वादहाला, आणखी एक काम उरले होते. वाटे चार घरी गेले होते. एक खालांचे. उरलेली तीन.

पहिल्या घरी बांगडे अजून कच्चे होते, सकाळी करायचे म्हणून ठेवलेले. त्यांनी आमच्यासमोरच पिशवीला गाठ मारली. दुसऱ्या घरी जेवणे झाली होती, सगळे खाऊन टीव्ही पाहत होते, कोणाला काही झाले नव्हते. त्यांनी उलट आमचीच समजूत काढली. तिसऱ्या घरी तळलेले तुकडे मुलीच्या सकाळच्या डब्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. त्या घरच्या भाभींनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेली माणसे ना?" आम्ही "हो" म्हटले आणि जिना उतरलो. मुलांसमोर तीस वर्षांची नोकरी झाली तरी असा धडा कोणी वाचून दाखवणार नाही, आणि आमची तर तेव्हा वीसही झाली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही नंतर वाचून-विचारून पक्के केले, ते असे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य मुळातच भरपूर असते. मासा मेल्यावर उष्णता मिळाली की काही जंतू झपाट्याने वाढतात आणि या हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात. आपल्या अंगावर गांध्या उठतात, पित्त उठते म्हणतो, तेव्हा शरीरात जे सुटते तेच हिस्टामिन. फरक इतकाच की इथे ते ताटातून आयते पोटात जाते. एकदा बनले की ते तळून जात नाही, उकळून जात नाही, कुकरमध्ये जात नाही, फ्रीजरमध्ये गोठवूनही जात नाही. जंतू मरतात, त्यांनी बनवलेले द्रव्य उरते. चिंच, कोकम, हळद, लिंबू यांपैकी कशालाही ते दाद देत नाही. आणि नाकाला, डोळ्याला ते कळत नाही. मासा चांगला दिसतो, वासही धड असतो. फार तर जिभेला मिरीसारखे चुरचुरते, आमच्या घरी चुरचुरले तसे. एकाच जाळ्यातल्या दोन बांगड्यांत त्याचे प्रमाण वेगळे असू शकते, म्हणूनच एका घरी उलटी आणि दुसऱ्या घरी टीव्ही.

यावरून एक गोष्ट मनात येते. "आमच्या धाकट्याला बांगडा चालत नाही" असे अनेक घरांत म्हणतात. काहींना माशाची खरीच अ‍ॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते, तेव्हा घरी प्रयोग करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. पण काही धाकटे असेही असतील की ज्यांना बांगडा चालतो, फक्त त्या दिवशीचा चालला नव्हता.

सोलापूरच्या सरांनी इथे विचारले, "म्हणजे तांबोशीने मीसुद्धा आजारी पडलो असतो?" तसे नाही. तांबोशी, काळुंदर, बोय या आपल्या खाडीच्या माशांत हा हिस्टामिनचा धोका बांगड्याइतका नसतो. पण मऊ पडलेला मासा म्हणजे त्याच्या पोटातल्या पाचकरसांनी त्याचेच मांस पचवायला घेतले आहे आणि जंतूंनी पंगत मांडली आहे. तो कोणत्याही जातीचा असो, उन्हात साडेपाच तास राहिलेला मासा घरात आणू नये.

मग उपाय काय? बर्फ. आणि बर्फ म्हटले की आपल्याकडची माणसे आइस्क्रीमच्या डब्याएवढा बर्फ नेतात. आम्हीही दुसऱ्या खेपेला फ्रीजमधले दोन ट्रे खडे नेले होते. ते आमचा मासा लागण्याआधीच पाणी झाले.

आम्ही भाषेचे मास्तर, हिशेब आम्हाला विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर करून दिला. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. मासा बराचसा पाणीच, तेव्हा एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यापर्यंत आणायला साधारण पाव ते तिसरा हिस्सा किलो बर्फ त्यातच खर्ची पडतो. हे झाले फक्त गार करणे. त्यानंतर वाटभर बाहेरची ऊब डब्यात शिरत राहते, तिला तोंड द्यायला वेगळा बर्फ हवा. म्हणून जितका मासा तितका बर्फ, आणि प्रवास लांबचा असेल तर त्याहून जास्त. दोन किलोच्या आशेने जाणाऱ्याने दोन किलो बर्फ न्यावा. मासा नाही लागला तर बर्फ फुकट गेला असे म्हणून हळहळू नये. सरबत करता येते.

मॅडमनी आणखी एक सांगितले ते आम्हाला आवडले. थंड समुद्रातल्या माशांवरचे जंतू थंडीला सरावलेले असतात, बर्फातही ते हळूहळू काम चालू ठेवतात. आपल्या उबदार पाण्यातल्या माशावरचे जंतू उबेला सरावलेले, त्यांना बर्फाचा मार जास्त बसतो. म्हणजे आपला मासा बर्फात अधिक टिकतो. अट एकच, त्याला बर्फात घातला पाहिजे.

बर्फ कुठून आणायचा? बंदराजवळ बर्फाचे कारखाने असतात, तिथे लादीचा तुकडाही मिळतो आणि चुराही. चुरा चांगला, कारण तो माशाला सगळीकडून बिलगतो. लादी असेल तर गोणपाटात गुंडाळून वरून हातोडी मारावी. मोठे खडे माशाच्या अंगाला टेकतात तिथेच गार करतात, मधल्या फटींत हवा राहते, आणि हवा फार आळशी. बंदर लांब असेल तर घरच्या फ्रीजरमध्ये आदल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवाव्यात. त्या उशिरा वितळतात आणि वितळल्यावर प्यायला होतात. मात्र बाटल्या म्हणजे चुरा नव्हे. खरे गार करणारा चुराच, बाटल्या त्याच्या मदतीला.

डबा महागडा हवा असे नाही. मासळीवाले फेकून देतात तो थर्माकोलचा खोका धुऊन उन्हात वाळवला की झाले. आमचा खोका अशाच मार्गाने आला आहे. त्याच्या तळाशी एका कोपऱ्यात आम्ही पेन्सिलीने भोक पाडले आहे, म्हणजे वितळलेले पाणी आणि रक्त वाहून जाते, मासा त्यात भिजत पडत नाही. भोकाखाली एक जुने ताट ठेवतो, नाहीतर गाडीभर ओघळ. आत आधी बर्फाचा थर, त्यावर मासे, वर पुन्हा बर्फ. अगदी वर बर्फच यायला हवा, कारण गारवा खाली उतरतो. झाकण सारखे उघडून मोजणी करू नये. आमचे मामू दर दहा मिनिटांनी झाकण उघडून मासे बघत असत, लग्नात नवरीचा पडदा उचलून बघणाऱ्या बायकांसारखे.

बांगडा, तारली, मांदेली असे बारके मासे पुष्कळ असतील तर आणखी चांगली युक्ती आहे. बादलीत स्वच्छ समुद्राचे पाणी आणि भरपूर बर्फाचा चुरा एकत्र करायचा आणि मासे त्यात बुडवायचे. खारे पाणी शून्याच्याही किंचित खाली गार होते आणि माशाच्या अंगाला चहूकडून लागते, त्यामुळे ते सर्वांत लवकर गार होतात. अर्ध्या-पाऊण तासाने काढून खोक्यात थर लावावेत. त्या दिवशी किनाऱ्यावर आमच्याकडे एक बादली आणि पन्नास रुपयांचा बर्फ असता तर भाभींना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

मोठा मासा असेल तर मारून लगेच कल्ल्यापाशी काप द्यावा आणि पाण्यात धरून रक्त जाऊ द्यावे. मांस पांढरे राहते, वास कमी येतो. माशाला जबह लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो तासभर होडीच्या तळाला तडफडत पडू द्यावा असे त्याचा अर्थ नाही. तडफडून मेलेला मासा लवकर उतरतो हेही होडीवरची माणसे सांगतात.

पोट साफ करण्याबाबत मात्र दोन मते आहेत आणि आमचे मत असे. स्वच्छ पाणी आणि धारदार सुरी असेल तर तिथेच कल्ले आणि आतडी काढावीत, पाठीच्या काट्याला चिकटलेली रक्ताची काळी रेघ नखाने खरवडावी आणि पोटाच्या पोकळीत बर्फ भरावा. पण धक्क्याच्या घाण पाण्यात मासा फाडून धुण्यापेक्षा तो अख्खाच बर्फात घालून घरी आणलेला बरा. फाडलेल्या मांसाला ते पाणी लागले तर बाहेर होते ते आत गेले. आणि घरी आणल्यावर साफ कोणी करायचे? या बाबतीत आमच्या समाजात आणि शेजारच्या समाजातही पुरुषांची एकजूट आहे. पकडायचा आपण, फोटो काढायचा आपण, आणि चार वाजता ओट्यावर पिशवी रिकामी करून झोपायला जायचे. त्या रात्रीनंतर आमच्या घरी नियम झाला की जो आणील तो साफ करील. तेव्हापासून आम्ही खवले तिथेच काढून आणतो.

शेंगाळा लागला तर जपावे. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा करवतीसारखा आणि विषारी असतो. पिशवीत हात घालताना हमखास टोचतो. गळावरून सोडवतानाच पक्कडीने काटे मोडावेत. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते. मग दवाखाना.

खेकडा उलट्या रीतीचा. त्याला बर्फात गाडायचे नाही, पाण्याच्या बादलीतही ठेवायचे नाही. नांग्या सुतळीने बांधून ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा खेळती राहील असा न्यायचा. कल्ले ओले असले की तो तासन्‌तास जिवंत राहतो. वाटेत मेला तर टाकायचा, कारण मेलेला खेकडा माशापेक्षाही लवकर बिघडतो. वाटा देताना आणखी एक ध्यानात ठेवावे. आमच्या कोकणात बहुतेक घरे शाफई, घाटावरून आलेली बहुतेक हनफी. खेकडा, कोलंबी, पाण्यावर आपोआप मरून तरंगणारा मासा, यांबाबत घराघराची रीत निराळी असते. देण्याआधी विचारावे. सोलापूरच्या सरांना आम्ही पहिल्याच आठवड्यात मोठ्या प्रेमाने चार खेकडे पाठवले होते. ते त्यांनी तितक्याच प्रेमाने परत पाठवले.

मामू या सगळ्याला सुरुवातीला हसले. "अरे मास्तर, आमच्या बापजाद्यांनी कुठे नेलेला बर्फ? ते काय मेले?" प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. बापजादे दुपारपर्यंत रेंगाळत नसत. ते भरतीच्या हिशेबाने जात आणि मासा लागला की तासाभरात तो चुलीवर असे. गाव किनाऱ्यालाच. ज्याला लांब न्यायचे असे तो ओल्या गोणपाटात नाहीतर हिरव्या पानांत गुंडाळून नेई. ओले कापड सुकताना गारवा देते, माठाचे पाणी गार होते तसेच. कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो, पण किनाऱ्याच्या दमट हवेत फारच थोडा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत शून्य. त्याहून लांबचा माल असेल तर सरळ मीठ. घाटावर जो मासा चढला तो सुके बोंबील, सुकट आणि खारा बांगडा होऊनच चढला. आजही गल्फला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई सुकटच भरते. तेव्हा बापजाद्यांकडे बर्फ नव्हता हे खरे, पण चार किलो बांगडा डिकीत ठेवून जेवायला बसण्याची सोयही नव्हती.

भरतीचा हिशेब निघालाच आहे तर एक सोपी गोष्ट. घरात हिजरी तारखांचे कॅलेंडर असतेच. चांदची १ आणि १५ तारीख यांच्या आसपास उधाण, ८ आणि २२ च्या आसपास भांग. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. रविवारी भरती कधी आहे ते आदल्या रात्री पाहून ठेवले तर उन्हाच्या आधी घरी परतण्याचा दिवस निवडता येतो. गळ टाकून बसायचे ठरवले तेव्हाच उठायची वेळही ठरवावी. आम्ही सकाळी नऊला उठतो, मग पुढचा मासा अगदी गळाशी येऊन उभा असला तरी.

खाला बऱ्या झाल्या. आम्ही सहा महिने त्यांच्याकडे वाटा पाठवला नाही, धीर झाला नाही. मग एकदा त्यांनीच गॅलरीतून हाक मारून विचारले, "काय रे, मासे आणत नाहीस का हल्ली?" आणले, म्हटले. "बर्फात?" बर्फात. "मग पाठव की." आता दर वेळी मुलगा वाटा घेऊन जातो तेव्हा त्या आधी पिशवीला बाहेरून हात लावून बघतात, गार आहे की नाही. गार असली तरच घेतात. आम्हाला राग येत नाही.

हे सगळे ऐकून सोलापूरच्या सरांनी वेगळाच विषय काढला. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला कोकणचा मासा न्यायचा होता, स्वतः पकडलेला. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड आणि पुढे सोलापूर, रात्रभराचा प्रवास. आम्ही आधी नको म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहून खोका काढला.

सुट्टीच्या आधीच्या रविवारी दोघे मिळून गेलो. दोन तांबोश्या आणि पाच-सहा काळुंदर लागले. नऊला उठलो. बर्फातून घरी, घरी येताच साफ करून, कोरडे पुसून, एकेका जेवणाचे वेगळे पुडे बांधून आमच्या मोठ्या फ्रीजरमध्ये पसरून ठेवले. पुडे एकावर एक रचले नाहीत, नाहीतर मधला गोठायला दिवस लागतो. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा कप्पा यासाठी पुरेसा थंड नसतो, म्हणून त्यांच्या खोलीवर ठेवले नाही. तीन दिवसांत पुडे दगड झाले. निघायच्या संध्याकाळी प्रत्येक पुडा वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळला, खोक्यात घट्ट बसवला, फटींत गोठवलेल्या बाटल्या कोंबल्या आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. या वेळी तळाचे भोक बंद केले, कारण बसमध्ये एक थेंबही गळू द्यायचा नव्हता. कंडक्टर माशाच्या वासाला नाक मुरडतो आणि त्याचे बरोबर असते, पन्नास माणसांनी रात्रभर आपला मासा का हुंगावा? वरून खोक्याला जुनी गोधडी. सरांना बजावले, उघडल्यावर पुडे दगडासारखे असतील तर फ्रीजरमध्ये ठेवायचे. मऊ झाले असून अजून बर्फासारखे गार असतील तर त्याच दिवशी शिजवायचे, पुन्हा गोठवायचे नाहीत. आणि गार नसतील तर अम्मीला आधीचेच सांगायचे. वापरायचा पुडा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, ओट्यावर नाही.

सकाळी साडेसातला फोन आला. व्हिडिओ कॉल. सरांच्या अम्मी एका हातात पुडा धरून तो ओट्यावर आपटत होत्या, टक टक आवाज येत होता. "सर," त्या म्हणाल्या, "हा तर खलबत्त्यात कुटायला हवा."

सुट्टी संपून सर परतले तेव्हा खोका घेऊनच आले. आत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीची बरणी होती. अम्मींनी खोका तीनदा साबणाने धुतला होता म्हणे. तरी वरच्या दोन भाकऱ्यांना तांबोशीचा वास येत होता. त्या आम्ही खाल्ल्या.